ब्रेक ‘अचानक’ फेल होत नाहीत

चाकणमध्ये ब्रेक तयार होतात, तपासले जातात आणि रोज संध्याकाळी तळेगाव चौकात झिजतातही. इथल्या औद्योगिक वसाहतीत ब्रेम्बोसारख्या नावाजलेल्या कंपनीचा ब्रेकचा कारखाना आहे. गाड्यांना मान्यतेचं प्रमाणपत्र देणाऱ्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेचं एक केंद्र आहे. फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र, बजाज यांच्या फाटकांबाहेर सुट्या भागांचे टेम्पो, कंटेनर आणि नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर उभे असतात. यातली कितीतरी वाहनं पुढे बोरघाट उतरून न्हावाशेवा बंदराकडे जातात. साताऱ्याकडून माल घेऊन येणारी वाहनं कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्यातल्या नवले पुलाकडे उतरतात. चौकात पावला-पावलाने सरकणारी गाडी दोन तासांत घाटाच्या तोंडाशी असते, आणि ब्रेकची खरी परीक्षा तिथे सुरू होते.

20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या एका ट्रकने पुढच्या गाड्यांना एकामागून एक उडवलं. सुरुवातीच्या बातम्यांत 48 वाहनांचं नुकसान झाल्याचा आकडा होता. कारणही लगेच सांगितलं गेलं : ब्रेक फेल. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र वेगळी गोष्ट पुढे आली. चालकाने उतारावर इंजिनच बंद केलं होतं. पुढे 13 नोव्हेंबर 2025 रोजी त्याच परिसरात सुटलेल्या कंटेनरने वाहनांना धडक दिली, आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. तेव्हाही पहिला संशय ब्रेकवरच होता.

अशा अपघातांनंतर दोन बाजू ठरलेल्या असतात. चालक म्हणतो, “साहेब, ब्रेक लागलाच नाही.” तपासणारा म्हणतो, “ब्रेकमध्ये काही दोष सापडत नाही.” ऐकणाऱ्याला वाटतं, दोघांपैकी एक खोटं बोलतोय. पण दोघंही खरं बोलत असू शकतात. कारण उतारावर ब्रेक निकामी होण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे उष्णता, आणि उष्णता अनेकदा मागे ठळक पुरावा ठेवत नाही. तापलेला ब्रेक धरत नाही. तोच ब्रेक थंड झाल्यावर तपासला तर ठणठणीत वाटू शकतो.

घाट उतरण्याचा हिशेब

ब्रेकचं काम एकच आहे. चालत्या गाडीत साठलेल्या ऊर्जेची घर्षणाने उष्णता करायची आणि ती हवेत सोडायची. माणसं आणि सामान धरून दीड हजार किलोची मोटार ताशी 80 किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिला पूर्ण थांबवताना सुमारे 3.7 लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. एकदा थांबून गाडी पुन्हा मार्गी लागली की डिस्क वाऱ्याने थंड होते. रोजच्या वापरात ब्रेकला असा श्वास घ्यायला वेळ मिळतो.

घाटात तो मिळत नाही. बोरघाटात लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी पाचशे मीटरहून अधिक खाली येते. तीच दीड हजार किलोची मोटार पाचशे मीटर उतरली, की सुमारे 73 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी 80 च्या वेगावरून ओळीने वीस वेळा गाडी थांबवण्याइतकं हे काम झालं. तेवढ्या उष्णतेत साधारण 25 लिटर पाण्याला उकळी फुटेल. चाळीस टनांच्या ट्रेलरचा हिशेब याच्या जवळजवळ सत्तावीस पट. ही सगळी उष्णता ब्रेकवर येत नाही. हवेचा विरोध, टायरचं घर्षण आणि इंजिन आपापला वाटा उचलतात. पहिल्या दोन गोष्टी चालकाच्या हातात नाहीत. इंजिनाने किती वाटा उचलायचा, हे मात्र तो गिअरने ठरवतो.

वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलवर गाडी सोडून ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला, की जवळजवळ सगळा भार चार डिस्क-ड्रमांवर येतो. मग ब्रेकच्या लायनरचा वास येऊ लागतो, चाकांतून धूर दिसतो आणि पेडल तेवढंच दाबूनही गाडी पूर्वीइतकी मंदावत नाही. लायनर ठरावीक तापमानाच्या पलीकडे गेला की त्याची पकड कमी होते. मालवाहू वाहनांच्या ड्रम ब्रेकमध्ये आणखी एक अडचण असते. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे आतल्या ब्रेक शूपासून लांब सरकतो. शू त्याला टेकवायचा तर शू ढकलणाऱ्या दांड्याला जास्त अंतर कापावं लागतं. ब्रेकची ॲडजस्टमेंट आधीच ढिली असेल, तर दांडा पूर्ण पुढे येऊनही शू ड्रमला नीट भिडत नाही. डिस्क ब्रेकमध्ये तापलेली तबकडी पॅडच्या दिशेनेच फुगते. त्यामुळे हा त्रास तिथे नाही. पण डिस्कवाल्या मोटारीची उष्णता दुसरीकडे घात करते, ती म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये.

बाटलीतला बुडबुडा

मोटारीचं ब्रेक पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांपर्यंत दाब पोचवतं. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा सतराव्या शतकातल्या फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालचा नियम. द्रव दबत नाही, म्हणून पायाचा जोर थेट डिस्कला पकडणाऱ्या पॅडपर्यंत जातो. आता त्या नळीत वायूचा बुडबुडा आला असं समजा. वायू दबतो. पायाचा जोर बुडबुडा चेपण्यातच खर्ची पडतो, पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि पॅड जागचा हलत नाही.

बुडबुडा येतो कुठून? ब्रेक ऑइल उकळल्याने. नेहमीच्या गाड्यांतलं ब्रेक ऑइल ग्लायकॉल प्रकारचं असतं आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतं. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून पाण्याचा अंश आत झिरपत राहतो. डॉट 3 दर्जाचं नवं ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसला उकळतं, त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं तर मानकाची हीच मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत. म्हणजे गाडी तीच, घाट तोच, चालकही तोच. फक्त ऑइल जुनं, म्हणून यंदा पेडल खाली जातं. गाडी उभी राहिली, अर्धा-पाऊण तास गेला, वाफेचं पुन्हा द्रव झालं की पेडल घट्ट लागतं. “आत्ता तर लागतोय की!” असं म्हणून माणूस पुन्हा निघतो.

म्हणून बहुतेक उत्पादक साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात. गाडी कमी चालली तरीही, कारण ओलावा किलोमीटर मोजत नाही. चाकणच्या कुठल्याही गॅरेजमध्ये हे काम पाहायला मिळतं. पोऱ्या सीटवर, मिस्त्री चाकापाशी. “दाब, दाब, दाब... धरून ठेव!” पोऱ्या पेडल दाबून धरतो, मिस्त्री पान्याने हवा काढायचा निपल किंचित सैल करतो, पारदर्शक नळीतून काळपट ऑइल आणि हवेचे बुडबुडे बाटलीत येतात. “सोडू नको!” निपल आवळला की मगच, “सोड आता.” क्रम चुकला तर बाहेरची हवा उलट आत शिरते. नळीतून स्वच्छ, फिकट ऑइल बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत चारही चाकांवर हे करायचं असतं. घाईत दोनच चाकं करून गाडी हातात दिली तर पेडल तुम्हाला ते सांगेलच.

ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही खनिज तेल ओतू नये. त्याने आतली रबरी सीलं फुगतात आणि अख्खी यंत्रणा निकामी होते. टाकीतली पातळी खाली गेली म्हणून नुसतं वरून ऑइल भरून गप्प बसू नये. पॅड झिजले की पातळी थोडी उतरतेच, पण झपाट्याने उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे.

पेडल काय सांगतं

उष्णतेखेरीज दुसरी कारणंही आहेत आणि बहुतेकांची चाहूल पायाला आधी लागते. पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल तर नळ्यांत हवा आहे. सिग्नलवर पेडल दाबून धरलं असताना ते हळूहळू खाली बसत असेल तर मास्टर सिलिंडरची सीलं गेली आहेत किंवा कुठे गळती आहे. पेडल दगडासारखं कडक झालं असेल तर पायाच्या जोरात भर घालणारा बूस्टर काम करत नाही. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढत असेल तर एखादा कॅलिपर अडकला आहे किंवा एका चाकाला ऑइल लागलं आहे. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज म्हणजे पॅड संपला. डॅशबोर्डवरचा लाल ब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडूनही विझत नसेल तर गाडी पुढे नेऊ नये.

एक थरथर मात्र बिघाडाची नसते. एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडतं. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, तरी अनेक जण ही धडधड पहिल्यांदा अनुभवतात ती ऐन संकटात, आणि दचकून पाय काढतात. पाय काढायचा नाही, दाबूनच ठेवायचा.

आधुनिक मोटारीत ब्रेकच्या नळ्यांचे दोन स्वतंत्र भाग असतात. एक फुटला तरी उरलेल्या दोन चाकांवर ब्रेक लागतो, फक्त पेडल बरंच खाली जातं आणि थांबायला जास्त अंतर लागतं. हँडब्रेक तर बहुतेक गाड्यांत ऑइलवर अवलंबूनच नसतो. याचा अर्थ, चारही चाकांवरचा ताबा एका क्षणात आणि पूर्ण जाणं फार दुर्मीळ आहे. संकटात काहीतरी शिल्लक असतंच; ते काय, हे आधीपासून ठाऊक असावं लागतं.

न्यूट्रलची खोटी बचत

उतारावर न्यूट्रल टाकलं की तेल वाचतं, हा समज टेम्पोचालकांपासून मोटारमालकांपर्यंत सगळीकडे आहे. आजच्या इंजेक्शन इंजिनात तो उलटा ठरतो. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि संगणक इंधनाचा पुरवठा तोडतो. न्यूट्रलवर मात्र इंजिन स्वतःच्या बळावर चालू ठेवण्यासाठी थोडं इंधन जाळतच राहतं. म्हणजे बचत होते ती गिअरमध्ये, आणि वर इंजिन गाडीला मागे खेचून धरतं ते वेगळंच.

इंजिन बंद करणं त्याहून घातक. मोटारीच्या बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी इंजिनामुळे तयार होते. ते बंद पडलं की साठलेल्या पोकळीवर दोन-तीनदा ब्रेक लागतो, मग पेडल कडक होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. जुन्या गाडीत किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉकच होऊ शकतं. ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनावरचा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद, कॉम्प्रेसर बंद. प्रत्येक वेळी ब्रेक मारला की टाकीतलं प्रेशर उतरतं. चालकांना बझरचा इशारा मिळतो, पण तोवर ट्रकने उतारावर वेग घेतलेला असतो. नवले पुलाच्या 2022 च्या अपघातात इंजिन बंद असण्याला महत्त्व आहे ते या कारणाने.

घाटाचा जुना नियम आजही तितकाच खरा आहे : ज्या गिअरवर चढाल, त्याच गिअरवर उतरा. गिअर उताराच्या आधी टाकायचा, वेग वाढल्यावर नव्हे. ब्रेक सतत दाबून धरण्याऐवजी वेग वाढला की ठाम दाबायचा, कमी झाला की पूर्ण सोडायचा. इंजिनाचा धूर अडवून ट्रक आवरणारा एक्झॉस्ट ब्रेक घाटाच्या तोंडाशीच चालू करायचा. ऑटोमॅटिक गाडीत डी वर निवांत बसू नये. एल किंवा मॅन्युअल निवडून खालचा गिअर धरावा. विजेच्या गाडीत मोटारच जनित्र होऊन गाडीला आवरते, पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज घेऊ शकत नाही आणि हा आधार कमी होतो. लोणावळ्यात शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरू नये, ते यासाठी.

ब्रेक लागला नाही तर

पहिली गोष्ट : इंजिन बंद करायचं नाही आणि न्यूट्रल टाकायचं नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं. पायाखाली पाण्याची बाटली किंवा सरकलेलं मॅट अडकलेलं नाही ना, हे सोबतच्याला पाहायला सांगावं. खाली वाकून स्वतः पाहू नये.

पेडल खाली जात असेल तर भराभर पंप मारायचे. नळ्यांत हवा किंवा थोडी गळती असेल तर पंप मारल्याने दाब पुन्हा तयार होतो. दाब लागला की धरून ठेवायचा. पेडल कडक असेल तर पंपिंग उपयोगाचं नाही. दोन्ही पाय देऊन अंगातल्या सगळ्या जोराने दाबायचं. बूस्टर नसला तरी ब्रेक असतो, त्याला जोर फार लागतो इतकंच.

त्याच वेळी एकेक गिअर खाली आणायचा. पाचव्यावरून एकदम पहिला टाकला तर चाकं घसरतात किंवा गिअर पडतच नाही, आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकली तर उरलासुरला आधारही जातो. रिव्हर्स किंवा पार्क टाकायचा प्रयत्न चालत्या गाडीत करू नये.

वेग उतरला की हँडब्रेक. बटण दाबून धरूनच तो हळूहळू ओढायचा, म्हणजे मागची चाकं घसरू लागली तर लगेच सैल करता येतो. एकदम उपटला तर चाकं लॉक होऊन गाडी आडवी फिरू शकते. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत ते बटण ओढून धरून ठेवल्यावर गाडी आवरत थांबते. आपल्या गाडीत ते कसं चालतं, हे माहितीपुस्तिकेत आजच पाहून ठेवावं.

हे सगळं करताना हॉर्न, हेडलाइट आणि हॅझर्ड चालू. समोरच्या गाड्यांना तुमचे ब्रेक गेलेत हे दिसत नाही. नजर मोकळ्या जागेवर ठेवायची : चढाचा फाटा, मातीचा खांदा, नांगरलेलं शेत, वाळूचा ढीग. काहीच नसेल तर गाडी डोंगराच्या बाजूला किंवा क्रॅश बॅरिअरला तिरपी घासत न्यायची. घासताना वेग थोडा थोडा जातो. झाडावर किंवा उभ्या ट्रकवर समोरून आदळली तर सगळा वेग एका क्षणात अंगावर येतो.

गाडी थांबली की गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावायचे, सगळ्यांनी रस्त्यापासून दूर उभं राहायचं. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये. डिस्क किंवा ड्रम तडकू शकतो. आणि थोड्या वेळाने पेडल घट्ट लागलं तरी त्या गाडीने पुढे निघू नये. टो करूनच न्यावी.

फाटकापाशी करता येईल असं

बोरघाटातून रेल्वे धावू लागली 1863 मध्ये. 37 फुटांमागे एक फूट अशा त्या तीव्र उतारावर गाडी कधीतरी सुटणार, हे रेल्वेने गृहीत धरलं. म्हणून घाटात कॅच साइडिंग आहेत. उतरणारी गाडी ताब्यात आहे हे दिसल्यावरच तिला पुढचा मार्ग मिळतो. सुटलेली गाडी चढाच्या बाजूच्या रुळांवर वळते. चूक होईल हे मान्य करून केलेली ही व्यवस्था आहे. रस्त्यावर मात्र आपण अजून चालकाच्या नशिबावर बरंच सोडून देतो.

कायद्याने व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं. ती तपासणी नुसती डोळ्यांनी होऊ नये, प्रत्यक्ष ब्रेक मारून व्हावी, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये आरटीओंकडे 250 मीटरचे चाचणीमार्ग असण्याचा आग्रह धरला. पण प्रमाणपत्राच्या दिवशी रिकामा ट्रक सपाटीवर थांबला, एवढ्याने तोच ट्रक सहा महिन्यांनी भरलेला असताना घाटात थांबेल याची हमी मिळत नाही. मधल्या काळाची जबाबदारी मालकाची, आणि माल भरून देणाऱ्याचीही.

चाकणच्या कारखान्यांच्या फाटकावर ट्रकचे कागद तपासले जातात, चालकाचे सेफ्टी शूज पाहिले जातात, आत हेल्मेट सक्तीचं असतं. त्याच यादीत चार ओळी वाढवायला दहा मिनिटं पुरतील : हवेचं प्रेशर किती, इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरल्यावर ते उतरतं का, ब्रेकची ॲडजस्टमेंट नीट आहे का, एक्झॉस्ट ब्रेक चालतो का. ट्रिपमागे ठरावीक डिझेल देऊन उरलेलं चालकाला ठेवू देण्याची पद्धत जिथे आहे, तिथे न्यूट्रलचा मोह मालकच निर्माण करतो. ती पद्धत बदलणं कुठल्याही फलकापेक्षा जास्त उपयोगी पडेल. मोटारमालकाचं काम आणखी सोपं आहे. बॉनेट उघडायचं, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते सर्व्हिस बुकात पाहायचं, आणि दोन वर्षं उलटून गेली असतील तर पुढच्या घाटाआधी गॅरेज गाठायचं.